जुनी सायकल, छोटी मोटार आणि ओरत्तनाडुचा सपाट रस्ता

तंजावरहून पट्टुक्कोट्टैकडे निघालं की साधारण 25 किलोमीटरवर ओरत्तनाडु लागतं. मराठी माणसाला हे गाव अगदीच परकं नाही. दुसऱ्या सरफोजीराजांनी मुक्तांबाळच्या स्मरणार्थ बांधलेलं छत्र इथेच आहे. रामेश्वरला चालत निघालेल्या यात्रेकरूंना तिथे मुक्काम आणि जेवण मिळायचं. म्हणजे दोनशे वर्षांपूर्वीही या रस्त्यावरचा प्रश्न तोच होता: ऊन फार, अंतर बरंच, आणि पाय थकलेले.

आज या भागात घराघरात निदान एक सायकल भिंतीला टेकलेली असते. तमिळनाडूत सरकारी आणि अनुदानित शाळांतल्या अकरावीच्या मुलामुलींना सरकार सायकल देतं. योजना 2001 च्या सुमारास मागास समाजातल्या मुलींपासून सुरू झाली आणि पुढे सगळ्यांसाठी झाली. मूल बारावी होऊन कॉलेजला किंवा कामाला बाहेरगावी गेलं की सायकल घरीच राहते. फ्रेम धडधाकट असते, फक्त चेन गंजलेली आणि टायर बसलेले. त्या सायकलीला मोटार बसवता येईल का आणि खर्च किती, हा आजचा विषय.

पण त्याआधी ती कोणासाठी बसवायची, हे ठरवू या. कॉलेजच्या पोरांना वेगाचं वेड असतं, त्यांचं समाधान 25 च्या वेगाने होणार नाही. मला वाटतं, ही गोष्ट खरी उपयोगाची आहे ती पन्नाशी ओलांडलेल्या बायकांना. ओरत्तनाडुच्या शेजारीच पुदुक्कोट्टै जिल्हा आहे. तिथे 1991-92 मध्ये ‘अरिवोळी इयक्कम’ ही साक्षरता चळवळ चालली होती. तेव्हाच्या जिल्हाधिकारी शीला राणी चुंकत यांनी सायकल शिकवण्याचं काम साक्षरतेला जोडलं, आणि खेड्यापाड्यातल्या हजारो बायका सायकल चालवायला शिकल्या. शेतमजूर, दगडखाणीत राबणाऱ्या, अंगणवाडीच्या सेविका, परिचारिका, सगळ्याच. पत्रकार पी. साईनाथ यांनी त्यावर लिहिलं आणि ती गोष्ट जगभर पोचली. लोक नावं ठेवत होते, तरी नवऱ्याच्या किंवा भावाच्या मागे न बसता स्वतः बाजाराला जाता येतं, याचं अप्रूप फार मोठं होतं.

तेव्हा पंचविशीत असलेल्या त्या बायका आता साठीकडे आल्या आहेत. सायकल येते, रस्ता माहीत आहे, पण गुडघे साथ देत नाहीत. स्कूटर शिकायची हिंमत होत नाही, लायसन्सचं लफडं नको वाटतं. मग पुन्हा कोणाच्या तरी मागे बसणं आलं. आपल्याकडेही सातारा-सांगलीच्या गावांत अशा मावश्या आणि आत्या आहेतच. तेव्हा हा हिशोब त्यांच्यासाठी.

ओरत्तनाडुचा एक मोठा फायदा म्हणजे जमीन. कावेरीच्या पाण्यावर पिकणारा हा सपाट मुलूख आहे. मेट्टूर धरणाच्या काळात, 1930 च्या दशकात खोदलेला कल्लणै कालवा या भागाला पाणी देतो. लोक त्याला ‘पुदु आरु’, म्हणजे नवी नदी म्हणतात. सपाटीवर माणूस आणि सायकल मिळून शंभर किलो धरले, तर ताशी 20 च्या वेगाला चाकावर जेमतेम शंभर-सव्वाशे वॅट लागतात. तेच वजन आपल्या एखाद्या साध्या चढावर न्यायचं, शंभर मीटरला पाच मीटर चढणाऱ्या, तर ताशी 12 च्या वेगालाही जवळपास दोनशे वॅट हवेत. म्हणून पुण्याच्या कात्रजला जे जड जाईल, ते इथे आरामात होतं.

आता कायदा, कारण विकणारे इथेच गोंधळ घालतात. केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार मोटारीची ताकद 250 वॅटच्या आत, वेग ताशी 25 किलोमीटरच्या आत, बॅटरी सोडून वजन 60 किलोपर्यंत आणि नीट ब्रेक व रिफ्लेक्टर असतील, तर ते मोटार वाहन धरलं जात नाही. नोंदणी नको, लायसन्स नको. दुकानदार म्हणेल, “अहो, पाचशे वॅटची घ्या, फरक थोडाच आहे.” घेऊ नका. तिची ताकद मर्यादेबाहेर गेली की नंबरप्लेट, विमा, लायसन्स सगळं लागतं. आणि दुर्दैवाने कोणाला धक्का लागला, तर घरच्या माणसावर बिगरनोंदणीचं वाहन चालवल्याचा ठपका येतो. दीड-दोन हजारांच्या फरकासाठी एवढी जोखीम कशाला?

मोटारीचे दोन रस्ते आहेत. एक हब मोटार, म्हणजे चाकाच्या मधोमध बसणारी. दिसायला सुबक, आवाज कमी. पण आपल्या जुन्या काळ्या सायकलींना ती बसवताना गंमत होते. या सायकलींच्या पुढच्या रिमला बहुधा 32 आणि मागच्या रिमला 40 भोकं असतात. हब मोटारींना 36. म्हणजे जुनी रिम गेली, नवी आणून मोटारीला तारा विणाव्या लागतात. तयार विणलेलं चाक मागवलं तर ‘28 इंच’ या शब्दाने फसायला होतं. आपल्या जुन्या सायकलीचं 28 वेगळं आणि नव्या गिअरवाल्या सायकलीचं 28 वेगळं. टायरच्या कडेला बारीक अक्षरांत 635, 622, 590, 559 असा एक आकडा असतो, खरं माप तेच. मागवण्याआधी त्याचा फोटो काढून ठेवा.

शिवाय हब मोटार फिरते तेव्हा तिचा मधला आस उलट दिशेला फिरायला बघतो. पुढच्या चिमट्याच्या खाचेत तो आस नुसत्या नटांवर धरून ठेवला, तर खाच रुंदावते आणि एके दिवशी चाक निसटतं. त्यासाठी ‘टॉर्क आर्म’ नावाची लोखंडी पट्टी लागते. ती किटमध्ये नसेल तर वेगळी घ्या. पुढचा चिमटा ॲल्युमिनियमचा किंवा शॉकअपचा असेल, तर पुढे मोटार बसवूच नका.

दुसरा रस्ता कमी देखणा, पण खिशाला आणि खेड्याला सोयीचा. 24 व्होल्ट, 250 वॅटची गिअर असलेली ब्रशची मोटार. बाजारात ती ‘माय 1016 झेड’ या नावाने मिळते. फ्रेमला लोखंडी पट्टी मारून ती बसवायची आणि वेगळ्या चेनने मागच्या चाकावरचं जादा फ्रीव्हील फिरवायचं. चाक तेच, रिम तीच. मोटारीला 9 दात आणि फ्रीव्हीलला 18 असतील, तर वेग ताशी 20 च्या आसपास राहतो. आवाज घुर्र घुर्र येतो, हे खरं. पण कार्बन ब्रश झिजले तर ते बदलणारा मोटार वाइंडिंगवाला तालुक्याच्या गावी असतोच. हब मोटारीचा आतला गिअर गेला, तर पार्सलची वाट बघत बसावं लागतं. ओरत्तनाडुत मी कोणाला सुचवलं असतं तर हीच.

बॅटरीत पैसे वाचवू नका, बाकी कुठेही वाचवा. बरेच जण यूपीएसमधल्या 12 व्होल्ट, 7 अँपिअर-तासाच्या दोन शिशाच्या बॅटऱ्या जोडतात, कारण स्वस्त पडतात. कागदावर हिशोब 168 वॅट-तासांचा दिसतो. पण मोटार एकदम जास्त करंट ओढते तेव्हा शिशाची बॅटरी त्यातलं साठ टक्केच देते. एका किलोमीटरला 10 वॅट-तास धरले, तर दहा किलोमीटरवर संपलं. वर चार-साडेचार किलो वजन, आणि वर्ष-दीड वर्षात बदलायची वेळ.

त्यापेक्षा लिथियम फेरो-फॉस्फेट, दुकानात ‘एलएफपी’ म्हणतात ती, 24 व्होल्ट 10 अँपिअर-तासाची घ्या. सुमारे 250 वॅट-तास मिळतात, म्हणजे पंचवीस किलोमीटर. थोडं पायडल मारलं तर आणखी. उन्हाळ्यात तापणाऱ्या मुलखात ती इतर लिथियमपेक्षा जास्त निर्धास्त असते आणि चार्जिंगच्या फेऱ्याही जास्त टिकते. आत बीएमएस, म्हणजे बॅटरीवर पहारा देणारं सर्किट आहे का, ते विचारा आणि बिलावर लिहून घ्या. जुन्या लॅपटॉपच्या सेलमधून कोणी ‘घरगुती पॅक’ बनवून देत असेल, तर नमस्कार करून निघून या. असे पॅक पेट घेतात.

चार्जर ज्याचा त्यालाच. 24 व्होल्टच्या एलएफपीचा चार्जर 29.2 व्होल्टला थांबतो, 36 व्होल्टच्या लिथियमचा 42 ला. पिन मात्र दोन्हींची सारखी असू शकते, आणि घरात दोन सायकली झाल्या की अदलाबदल व्हायला वेळ लागत नाही. चार्जरवर रंगीत फीत गुंडाळून ठेवा. बॅटरी उन्हातून आल्या आल्या लावू नका, अर्धा तास थंड होऊ द्या. आणि दाराच्या वाटेत, जिन्याखाली किंवा सगळे झोपल्यावर चार्जिंग नको.

खर्चाचा अंदाज असा: सायकलीची डागडुजी दीड हजार, मोटार-कंट्रोलर-थ्रॉटलचा संच पाच-सहा हजार, बॅटरी आणि चार्जर सात-आठ हजार, वेल्डिंग आणि किरकोळ हजारभर. म्हणजे पंधरा-सोळा हजार, गावाप्रमाणे थोडे इकडेतिकडे. 2021 मध्ये तमिळनाडूतल्याच विळुप्पुरम जिल्ह्यातल्या एका इंजिनिअर शेतकऱ्याची बातमी गाजली होती. त्यांनी दोन हजारांची जुनी सायकल घेऊन वीस हजारांत ती विजेवर आणली होती. तेव्हा आपला आकडा हवेतला नाही.

वसूल होतात का हे पैसे? बॅटरी सातशे वेळा जरी नीट चार्ज झाली, तरी किलोमीटरला चाळीस-पंचेचाळीस पैसे बॅटरीचे आणि दहा पैसे विजेचे. तमिळनाडूत घरगुती विजेचे दोन महिन्यांचे पहिले शंभर युनिट मोफत असतात, त्यात ते दहाही मुरून जातात. मोपेडला पेट्रोलचेच दोन रुपये जातात. रोज बारा किलोमीटर, वर्षाचे तीनशे दिवस, म्हणजे वर्षाला पाच हजार वाचले. तीन वर्षांत फिटले.

पण हा हिशोब ज्यांच्याकडे मोपेड आहे त्यांचा. तमिळनाडूत मे 2021 पासून साध्या टाऊन बसमध्ये बायकांना तिकीट नाही. ज्या बाई बसने जातात, त्यांचे या सायकलीने एक रुपयाही वाचणार नाहीत, उलट पंधरा हजार जातील. त्यांनी पैशाकडे बघून निर्णय घेऊच नये. त्यांना मिळणार आहे ती बसची वाट न बघण्याची सोय आणि दुपारी वाटेल तेव्हा परत निघण्याची मुभा. त्याची किंमत पंधरा हजार आहे की नाही, ते मुलाने किंवा जावयाने ठरवायचं नाही, त्यांनाच विचारा.

ब्रेकचं राहिलंच, आणि ते सगळ्यात आधी करायचं काम आहे. जुन्या सायकलींचे सळईचे ब्रेक पावसात रिम ओली झाली की नुसते घसरतात. पायडलने बारा-पंधराच्या वेगाला चालून जायचं, वीसच्या वेगाला आणि पाच-सात किलो जादा वजनाला नाही. तमिळनाडूच्या या भागात मोठा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर पडतो, म्हणजे तीन महिने ओली रिम. निदान रबर नवे घाला, सळया आवळून घ्या, आणि ब्रेक दाबताच मोटार बंद करणारा कट-ऑफ स्विच बसवायला लावा. तयार कट-ऑफ लिव्हर तारेच्या ब्रेकसाठी असतात, सळईच्या ब्रेकला चालत नाहीत. तिथे छोटा पुश-स्विच लावता येतो, दुचाकीच्या मेकॅनिकला ब्रेकलाईटचा स्विच म्हटलं की बरोबर समजतं.

पावसासाठी कंट्रोलर सीटखाली, तारांचं तोंड खाली करून. तारेला जोडाच्या आधी एक झोका द्या, म्हणजे ओघळणारं पाणी झोक्यावरून खाली पडतं, जोडात जात नाही. नोव्हेंबर 2018 च्या गाजा चक्रीवादळात ओरत्तनाडु-पट्टुक्कोट्टैकडची नारळाची झाडं आडवी झाली आणि गावोगावी कितीतरी दिवस वीज नव्हती. अशा वेळी विजेची स्कूटर कोपऱ्यात उभी राहते. ही मात्र फ्रीव्हीलमुळे मोटार न ओढता साधी सायकल म्हणून चालते. म्हणून पायडल काढून टाकायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका.

बसवून झाल्यावर पहिले पंधरा दिवस दर तिसऱ्या दिवशी पाना घेऊन मोटारीच्या पट्टीचे नट आवळा, कारण थरथरीने ते सैल होतात. मोटारीची चेन मधोमध बोटाने दाबून अर्धा इंच खाली गेली पाहिजे, त्याहून जास्त नको. मागच्या चाकाचा आउट महिन्याने एकदा काढून घ्या. आणि पहिल्या दिवशी मावशींना थ्रॉटल द्यायच्या आधी मोकळ्या रस्त्यावर, मोटार बंद ठेवून, नुसते ब्रेक चार-पाच वेळा दाबून बघायला सांगा.