न उघडलेलें पाकीट

जुनीं नाणीं जमविण्याचा छंद आमच्या कांहीं विद्यार्थ्यांस लागला आहे, तो स्तुत्यच होय. परंतु ऑनलाइन बाजारांत ‘कधींहि न उघडलेलें’ म्हणून अमेरिकन टांकसाळीचें जें पाकीट चढ्या भावानें विकतात, तें घेऊं नये, असें आमचें स्पष्ट मत आहे. १९५५ सालीं फिलाडेल्फियाच्या टांकसाळीनें आरशासारखीं चकचकीत पांच नाणीं पारदर्शक पिशवींत घालून पाकिटांतून देण्यास आरंभ केला. पण पाकीट पुन्हां चिकटविण्यास बोटभर खळ पुरते! वजन करावें, तर चांदीचा अर्धा डॉलर साडेबारा ग्रॅमचा. बाजारांत फिरलेलाहि जवळजवळ तितकाच भरतो. विक्रेत्यास खात्री असेल तर त्यानें पाकीट उघडून नाण्यांच्या दोन्ही बाजू दाखवाव्यात. तो नाकारील, तर वडिलांचे पैसे घरींच राहूं द्यावेत.