मेंदूची फाळणी आणि मुलांची वाटणी

दहावीचे निकाल लागले की शाखानिवडीचा हंगाम सुरू होतो आणि त्याबरोबर मेंदूच्या चाचण्यांचा बाजारही तेजीत येतो. कोठे बोटांचे ठसे घेऊन, तर कोठे प्रश्नावली भरून घेऊन मुलगा ‘डाव्या मेंदूचा’ की ‘उजव्या मेंदूचा’ याचा निवाडा दिला जातो. पहिल्याने गणित-विज्ञानाकडे वळावे, दुसऱ्याने कला-साहित्याकडे, असा सल्ला चांगली फी घेऊन मिळतो. पालकांच्या खिशाला चाट बसते, ही बाब त्या मानाने क्षुल्लक होय. परंतु पंधराव्या-सोळाव्या वर्षी मुलाच्या कपाळी एक शिक्का मारला जातो, ही बाब गंभीर आहे. म्हणूनच या निवाड्यामागील शास्त्र तपासून पाहणे अगत्याचे ठरते.

या समजुतीला मुळात काहीच आधार नाही, असे नव्हे. वाचा गमावलेल्या एका रुग्णाच्या मेंदूची मृत्यूनंतर तपासणी करताना पॉल ब्रोका या फ्रेंच शल्यवैद्याला १८६१ मध्ये डाव्या गोलार्धाच्या पुढील भागात इजा आढळली. उजव्या हाताने काम करणाऱ्या बहुसंख्य माणसांत भाषेचा मुख्य कारभार डाव्या गोलार्धाकडे असतो, हे आज सर्वमान्य आहे. उलट चेहरे ओळखणे, अवकाशाचे भान राखणे, बोलण्यातील सुरावरून भाव जाणणे यांत उजव्याचा वाटा मोठा असतो. श्रमविभागणी आहे, यात शंका नाही. प्रश्न आहे तो तिच्या अर्थाचा.

हा अर्थ उलगडला तो १९६० च्या दशकापासून कॅलिफोर्नियात रॉजर स्पेरी व त्यांचे शिष्य मायकेल गॅझनिगा यांनी केलेल्या प्रयोगांतून. दोन्ही गोलार्धांना जोडणारा सुमारे २० कोटी तंतूंचा एक जाड पट्टा असतो. तीव्र अपस्माराच्या काही रुग्णांमध्ये उपचार म्हणून हा सेतू छेदण्यात आला होता. डाव्या हाताची आणि दृष्टीच्या डाव्या बाजूची माहिती उजव्या गोलार्धाकडे जाते. त्यामुळे अशा रुग्णाच्या डाव्या हातात नजरेआड एखादी वस्तू दिली, तर तिचे नाव त्याला सांगता येत नसे.

पुढे एका रुग्णाच्या उजव्या गोलार्धाला बर्फाचे दृश्य आणि डाव्याला कोंबडीचा पंजा दाखविण्यात आला. समोरच्या चित्रांतून डाव्या हाताने फावडे निवडले, उजव्याने कोंबडी. फावडे कशासाठी, असे विचारता बर्फाचा पत्ताच नसलेल्या डाव्या गोलार्धाने बेधडक उत्तर दिले की, कोंबड्यांचे खुराडे साफ करायला! स्पेरी यांना १९८१ मध्ये नोबेल पारितोषिकाचा अर्धा वाटा मिळाला.

या प्रयोगांचा बोध कोणता? सेतू तुटला की प्रत्येक गोलार्ध किती अपुरा पडतो आणि तरीही किती आत्मविश्वासाने चुकतो, हाच! लोकप्रिय लिखाणाने मात्र तुटलेल्या मेंदूची ही कहाणी धडधाकट मेंदूवर लादली आणि तिच्यातून माणसांच्या दोन जाती निर्माण केल्या. अमेरिकेतील युटा विद्यापीठाच्या संशोधकांनी १,०११ व्यक्तींच्या मेंदूंची प्रतिमाचित्रे तपासून २०१३ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. काही कामे एका बाजूला अधिक चालतात, हे त्यांना दिसले. परंतु एखाद्या व्यक्तीचा सबंध मेंदूच डाव्या किंवा उजव्या बाजूला झुकलेला असतो, याला पुरावा मिळाला नाही.

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला यात नवल वाटू नये. ॲडम स्मिथने १७७६ मध्ये टाचण्यांच्या कारखान्याचे उदाहरण दिले. दहा कामगार कामे वाटून घेऊन दिवसाला ४८,००० टाचण्या करीत. पण नुसती तार ओढणारा कामगार एकही टाचणी बनवीत नाही. देवाणघेवाण थांबली की श्रमविभागणीचा लाभही संपतो. मेंदूचेही तसेच आहे. कविता समजायला शब्दांचा अर्थ लागतो, तसा सूरही लागतो. भूमितीत आकृती दिसावी लागते आणि सिद्धता शब्दांत मांडावीही लागते.

असे असताना आपण मुलांची वाटणी करतो, ती निसर्गाच्या आज्ञेने नव्हे; ती आपल्या वेळापत्रकांच्या सोयीने होते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने कला व विज्ञान यांच्यात कठोर भिंती नसाव्यात, असे म्हटले आहे. पण जेथे महाविद्यालयात मोजकेच विषय आणि अपुरे अध्यापक असतील, तेथे हे स्वातंत्र्य कागदावरच राहणार. त्यातच या चाचण्या कृत्रिम भिंतीला शास्त्राचा मुलामा देतात आणि शासनाची उणीव मुलाच्या डोक्यात असल्याचे भासवितात. निदान शाळांनी तरी त्यांना आपल्या आवारात थारा देऊ नये. पालकांनीही चाचणीपूर्वी तिच्या पुराव्याची विचारणा करावी.

दोन गोलार्ध जोडण्यासाठी निसर्गाने कोट्यवधी तंतू खर्ची घातले आहेत. आपल्या शिक्षणव्यवस्थेने मुलाला चित्रकलेबरोबर संख्याशास्त्र घेण्याची मुभा आणि त्यासाठी लागणारे शिक्षक द्यावेत, एवढी अपेक्षा अवाजवी म्हणता येणार नाही.