आधी वजनकाटा, मग टायर

यंदा आमच्या ग्रुपने बी.ई. प्रोजेक्टसाठी एक भन्नाट विषय नेला होता. जुनी ॲम्ब्युलन्स घ्यायची आणि तिचा डोंगरदऱ्यांत फिरणारा, आत झोपता-रांधता येईल असा कॅम्पर करायचा. गाईडनी दोन मिनिटांत फाईल परत दिली. "हे गॅरेजचं काम आहे रे, यात इंजिनिअरिंग कुठंय?" त्या रात्री कॅन्टीनच्या कट्ट्यावर आम्ही सरांना यथेच्छ नावं ठेवली. दुसऱ्या दिवशी शांत डोक्याने फाईल उघडली. पहिल्या पानावर जाडजूड टायरचा फोटो, दुसऱ्यावर रूफ कॅरियर, तिसऱ्यावर एलईडी बार... आणि अख्ख्या फाईलीत आकडा एकही नाही! म्हणजे सर विषयाबाबत चुकले, पण फाईलबाबत बरोबर होते.

विषय का चांगला आहे ते आधी सांगतो. अमेरिकेत हा उद्योग बरेच लोक करतात. तिथली नेहमीची गाडी म्हणजे फोर्ड ई-३५० किंवा ई-४५० च्या चॅसिसवर ॲल्युमिनियमचा चौकोनी डबा बसवलेली 'टाइप थ्री' ॲम्ब्युलन्स. केबिनमधून डब्यात जायला आतूनच वाट. आत माणूस उभा राहू शकतो, भिंती इन्सुलेटेड, बाहेरून उघडणारे कप्पे, जास्तीच्या बॅटऱ्या, दांडगा अल्टरनेटर. आणि वायरिंग! तार कशाची आहे ते तारेवरच छापलेलं असतं. आपल्या लॅबमध्ये हे कधी दिसेल कोण जाणे. तरीही अनेक हौशी मंडळी पहिल्याच आठवड्यात हे सगळं उपटून टाकतात आणि मग सहा महिने तेच पुन्हा नव्याने बसवत बसतात.

विकत घेताना लोक फसतात ते किलोमीटर बघून. ॲम्ब्युलन्स पळते कमी, पण एसी आणि उपकरणांसाठी तासन् तास जागेवर चालू राहते. त्यामुळे अवर मीटर बघायचा. एक तास आयडलिंग म्हणजे साधारण २५ ते ३३ मैल धावणं, असा तिकडे ढोबळ हिशोब धरतात. ऑक्सिजनची लाइन असेल तर ती जाणकाराकडूनच काढून घ्यायची. दाबाखालचा ऑक्सिजन आणि तेल-ग्रीस एकत्र आले की आग लागू शकते. कप्प्यांच्या फटीत हात घालताना जाड हातमोजे घाला, तिथे जुनी सुई असू शकते.

आता मुख्य मुद्दा, वजन. पाणी म्हणजे लिटरला एक किलो, हे सहावीतलं पोरगंही सांगेल. पण २०० लिटरची टाकी बसवताना आपण नकळत तीन माणसं कायमची गाडीत बसवतो, हे मात्र आमच्यापैकी कुणाला सुचलं नव्हतं. त्यात प्लायवूड, गॅस, बॅटऱ्या, सोलर पॅनेल, स्टेपनी आणि वर आम्ही.

कागदावर एक उदाहरण मांडून बघितलं. गाडी ५,००० किलोची, चाकांमधलं आडवं अंतर १.६ मीटर, गुरुत्वमध्य जमिनीपासून १.१ मीटर. अर्धा ट्रॅक भागिले उंची, आणि त्याचा टॅन इन्व्हर्स. उत्तर ३६ अंश. एवढ्या आडव्या उतारावर गाडी कलंडते. आता छतावर, २.८ मीटर उंचीवर, १५० किलो सामान टाका. गुरुत्वमध्य पाच सेंटिमीटर वर. मोठे टायर आणि लिफ्ट किट मिळून आणखी पंधरा धरा. उंची झाली १.३ मीटर आणि कोन उरला साडेएकतीस अंश. हाही पाटे आणि टायर दबतच नाहीत असं गृहीत धरून. प्रत्यक्षात ते दबतात, त्यामुळे गाडी त्याआधीच जाते. ज्या वस्तू घेऊन आम्ही गाडी 'ऑफ-रोड' करणार होतो, त्याच तिला रस्त्याबाहेर आडवी पाडणार होत्या!

दुसरी गंमत फ्रेमची. खडकाळ वाटेवर एका बाजूचं पुढचं आणि दुसऱ्या बाजूचं मागचं चाक एकदम वर गेलं की लॅडर फ्रेम पिळवटते. वरचा डबा मात्र ताठ. तो पिळवटायला तयार नसतो, मग जोड आणि माउंटिंगला तडे जातात. युनिमॉगची फ्रेम मुळातच पिळवटण्यासाठी बनवलेली असते, म्हणून तिच्यावर डबा तीन-चार बिंदूंवर हलता ठेवतात. आपल्या ॲम्ब्युलन्सची फ्रेम रस्त्यासाठी. आता सांगा, यात इंजिनिअरिंग नाही? एसओएम, डायनॅमिक्स, इलेक्ट्रिकलवाल्यांचं लोड कॅल्क्युलेशन, सगळं एका गाडीत आहे.

कायद्याचं मात्र आम्ही सोयीस्करपणे विसरलो होतो. मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ सांगतं की उत्पादकाने दिलेला आणि आरसीवर नोंदलेला तपशील बदलेल असा फेरफार करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच ठणकावून सांगितलं. ॲम्ब्युलन्ससाठी एआयएस-१२५ आणि मोटार कॅराव्हॅनसाठी एआयएस-१२४ अशी मानकंही वेगळी आहेत. राज्याने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, पण त्याचा अर्थ वर्कशॉपमध्ये ग्राइंडर चालवून गाडी थेट माळशेज घाटात न्यावी असा होत नाही. सरकारी ॲम्ब्युलन्सचा तर विषयच सोडा. १५ वर्षांवरच्या सरकारी गाड्यांची नोंदणी १ एप्रिल २०२३ पासून पुढे वाढत नाही, त्या भंगारातच जातात.

हॉस्टेलवर एकाने वेगळीच शंका काढली. "अरे, त्यात माणसं मेली असतील, झोप लागेल का तुला?" त्याला म्हटलं, वाचलेली पण असतील की. तसं बघितलं तर आपल्या हॉस्टेलच्या खाटांचा इतिहास कुणाला माहीत आहे! असो.

डिपार्टमेंटला माझी विनंती एवढीच, की हा विषय सरसकट नाकारू नका. अट घाला. गाडी कॅम्पसच्या गेटबाहेर जाणार नाही. पहिल्या सेमिस्टरला एकही बोल्ट खोलायचा नाही, फक्त मोजायचं. पुढच्या आणि मागच्या ॲक्सलचं वजन वेगवेगळं, चारही चाकांवरचं, टाकी रिकामी असताना आणि भरल्यावर. एक बाजू उचलून गुरुत्वमध्याची उंची काढायची. हे सगळं जर्नलमध्ये उतरलं की मगच ग्राइंडरला हात. आणि मित्रांनो, आपणही टायरचे फोटो जरा बाजूला ठेवूया.

शहरातल्या एका ट्रस्टच्या आवारात एक जुनी ॲम्ब्युलन्स उभी आहे. ती चालू होते, आणि त्यांचा ड्रायव्हर ती एमआयडीसीतल्या काट्यावर आणायला तयार झालाय. रविवारी आम्ही चौघं जातोय. सोमवारी त्या काट्याची पावती फाईलच्या पहिल्या पानावर चिकटवून पुन्हा सरांच्या केबिनमध्ये!

(अंतिम वर्ष, मेकॅनिकल)