एक रंग, सहा दर्जे

ब्रेक्झिटनंतर 2020 मध्ये ब्रिटिश पासपोर्ट पुन्हा निळा झाला, तेव्हा तिथल्या मंत्र्यांना राष्ट्राचे हरवलेले वैभव परतल्यासारखे वाटले. छपाई मात्र पोलंडमध्ये! पण खरा प्रश्न आतल्या पानावरील राष्ट्रीयत्वाच्या रकान्याचा आहे. ब्रिटिश कायद्यात राष्ट्रीयत्वाचे सहा प्रकार आहेत आणि ब्रिटनमध्ये राहण्याचा आपसूक हक्क फक्त ‘ब्रिटिश नागरिका’ला. या सहांपैकीच एक असलेल्या हाँगकाँगच्या ‘ओव्हरसीज’ ब्रिटिशाच्या पासपोर्टचे मुखपृष्ठ तेच, तरी त्याला 2021 पासून मिळू लागला तो व्हिसा, तोही शुल्क भरून. आपल्याच पासपोर्टधारकाला व्हिसा विकणारा देश विरळाच.

ही खोड जुनी. केनियातील गुजराती, पंजाबी, गोवेकर ब्रिटिश पासपोर्ट घेऊन ब्रिटनकडे निघाले, तेव्हा पंतप्रधान विल्सन यांच्या मजूर सरकारने 1968 मध्ये अवघ्या तीन दिवसांत कायदा करून दार लावले. स्वतःचे, आईबापांचे किंवा आजीआजोबांचे नाते ब्रिटनशी असेल तरच मुक्त प्रवेश. म्हणजे व्यवहारात गोऱ्यांनाच. 1981 च्या राष्ट्रीयत्व कायद्याने हीच उतरंड पक्की केली. साम्राज्य संपले, निदान हे दर्जे तरी आता ब्रिटिश संसदेने मोडीत काढावेत.