फुलोरा कुणाचा जपायचा?

मागच्या दिवाळीत गावी गेलो होतो. गाव घाटंजी तालुक्यातलं, जिल्हा यवतमाळ. वर्तमानपत्र वाचणाऱ्याला जिल्ह्याची वेगळी ओळख करून द्यायची गरज नाही. ज्या कारणासाठी नाव छापून येतं त्या कारणाचा आम्हालाही आता कंटाळा आलाय.

तर संध्याकाळी ओसरीवर बसलो होतो आणि बापूकाकांच्या नातवाचा व्हिडिओ कॉल आला. तो टोरांटोला असतो. कॅनडात १७ ऑक्टोबर २०१८ पासून गांजा कायदेशीर आहे आणि ओंटारिओत घरटी चार झाडं लावायला परवानगी आहे. पोराने तळघरात एक लावलंय. कपाटाएवढा काळ्या कापडाचा तंबू, आतून चकचकीत. वर दिवे, कोपऱ्यात छोटा पंखा, हवा बाहेर फेकणारा दुसरा पंखा, त्याला वासासाठी कोळशाची गाळणी. तापमान आणि दमटपणा दाखवणारा काटा. शेजारी वही, रोजची नोंद. झाड सटायव्हा जातीचं, अरुंद पानाचं, उंच.

"आबाजी, आता फुलोऱ्यात आलंय. हाच नाजूक काळ," तो म्हणाला.

मग त्याने समजावून सांगितलं. या झाडाला फुलोरा धरायला लांब रात्र लागते. म्हणून घड्याळ लावून बारा तास उजेड आणि बारा तास पूर्ण अंधार. मध्येच अंधारात उजेडाची तिरीप गेली तर झाड गोंधळतं. सटायव्हाचा फुलोरा लांबतो, अडीच-तीन महिने चालतो, आणि तेवढे दिवस जीव टांगणीला. हवा दमट राहिली तर दाट फुलात आतल्या आत बुरशी धरते. कोळी कीड येते. नर झाड जवळपास असलं तर मादीच्या फुलात बी धरतं आणि माल वाया जातो.

बापूकाका सगळं लक्ष देऊन ऐकत होते. शेतकरी माणूस, पीक कुठलंही असो, कान टवकारतातच. शेवटी म्हणाले, "काऊन रे बाबू, एका झाडाले दोन पंखे?"

पोरगा हसला. आणि मग ते वाक्य बोलला ज्याच्यासाठी मी हा लेख लिहायला घेतलाय. "आबाजी, कापसात काय ठेवलंय? सरकारने हे खुलं केलं पाहिजे. एकरी लाखो रुपये. विदर्भातल्या आत्महत्या एका वर्षात थांबतील."

हे वाक्य मी एकट्या त्याच्याच तोंडून ऐकलेलं नाही. पुण्या-मुंबईतले सुशिक्षित मित्र हल्ली हेच बोलतात. व्हॉट्सॅपवर फिरतं. शेतकऱ्याचं भलं इच्छिणारे बोलतात, म्हणून जास्त राग येतो. तेव्हा एकदाचं स्पष्ट लिहून टाकतो.

आधी जे मान्य आहे ते मान्य करू. हे झाड आपल्याकडे परकं नाही. इंग्रजांच्या काळात मध्य प्रांतात त्याचं पीक निमाड जिल्ह्यात, खांडव्याकडे सरकारी देखरेखीखाली निघायचं. १८९३-९४ साली सरकारने एक मोठा आयोग नेमला, त्याने ११९३ साक्षी नोंदवल्या आणि निष्कर्ष काढला की माफक सेवनाने फारसं नुकसान होत नाही, सरसकट बंदीची गरज नाही, कर लावा आणि नियंत्रण ठेवा. आजच्या बंदीचा कायदा तसा अलीकडचा, १९८५ चा. आणि तो कठोर आहे. झाड लावलं तर दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड. आपल्या जमिनीत कुणी लावलंय हे माहीत असून कळवलं नाही तर मालकही गुन्हेगार. आपल्याकडे तुरीच्या किंवा कपाशीच्या ओळीत चार झाडं सापडल्याच्या बातम्या येतात, त्यात हातात बेड्या पडलेला माणूस नेहमी कोण असतो? बटईने शेती करणारा, किंवा पोडावरचा आदिवासी. त्याच सुमारास बँकॉकहून मुंबई विमानतळावर बॅगा भरभरून 'हायड्रोपोनिक' माल येतो. तो ज्यांच्यासाठी येतो त्यांचे फोटो मात्र मी कधी पाहिले नाहीत.

तेव्हा कायदा सौम्य करा, असं कुणी म्हणालं तर माझी सही घ्या. पण "गांजाने शेतकरी वाचेल" याला माझी सही नाही. का ते सांगतो.

पहिली गोष्ट भावाची. जो भाव ऐकून लोकांचे डोळे चमकतात तो झाडाचा भाव नसतोच मुळी. तो चोरीचा, धोक्याचा, तुरुंगाच्या भीतीचा भाव असतो. बंदी उठली की भीती जाते आणि भीतीबरोबर भावही जातो. थायलंडने ९ जून २०२२ ला हे झाड बंदीतून काढलं. लहान शेतकऱ्यांनी कर्ज काढून लागवडी केल्या. पाठोपाठ मोठे भांडवलवाले आले, बाहेरून चोरून आलेला माल आला, भाव कोसळला. जून २०२५ मध्ये तिथल्या सरकारने पुन्हा चिठ्ठीशिवाय विक्री बंद केली. कर्ज काढलेल्याचं काय झालं असेल ते यवतमाळच्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. अमेरिकेत २०१८ साली नशा नसलेल्या भांगेची शेती खुली झाली, पुढच्याच वर्षी सगळ्यांनी तीच पेरली, आणि गोदामं भरली तशी किंमत पडली. आपल्या तुरीचं २०१६-१७ ला जे झालं तेच. भरघोस पीक, बारदाना नाही, खरेदी केंद्रावर रांगा. झाड बदललं म्हणून बाजाराचा स्वभाव बदलत नाही.

दुसरी गोष्ट परवान्याची. "सरकारने खुलं केलं पाहिजे" म्हणणाऱ्यांना माहीत नसतं की त्याच १९८५ च्या कायद्यात परवानगीची सोय आहे. औद्योगिक उपयोगासाठी, म्हणजे धागा आणि बियांसाठी, लागवडीची मुभा देता येते. उत्तराखंडाने २०१८ मध्ये तशी दिलीही. पण अट काय? नशेचं द्रव्य ०.३ टक्क्याच्या आत. त्यावर गेलं तर पीक नष्ट करा. आता कोरडवाहू शेतात, ऑक्टोबरच्या उन्हात, ते द्रव्य ०.३ वर थांबवायचं कुणी? आणि तपासायची प्रयोगशाळा कुठे? आमच्याकडे साधा माती परीक्षणाचा अहवाल वेळेत हातात येत नाही.

अफूचं उदाहरण डोळ्यासमोर आहेच. मध्य प्रदेशात नीमच-मंदसौरकडे परवान्याने अफू पिकते. दरवर्षी परवाना, मोजून जमीन, सरकारने ठरवलेला भाव आणि ठरवून दिलेलं किमान उत्पन्न. ते निघालं नाही तर पुढच्या वर्षी परवाना गेला. गारपीट झाली का, बोंड सडलं का, याचे पुरावे शेतकऱ्याने द्यायचे. ज्याच्या सातबाऱ्यावर आधीच चार वारसांची नावं आणि बँकेचा बोजा आहे, त्याला असा परवाना कोण देणार? परवाना मिळेल तो वातानुकूलित शेड, चोवीस तास वीज, कुंपण, कॅमेरे आणि वकील असलेल्याला.

आणि इथेच माझ्या पुतण्याचा तंबू आठवतो. त्या झाडातला पैसा मातीत नाही, तंबूत आहे. बंद खोलीतला सूर्य विकत घ्यावा लागतो. अमेरिकेतल्या एका अभ्यासाने २०१२ साली अंदाज काढला होता की असं घरातलं उत्पादन देशाच्या एकूण विजेपैकी सुमारे एक टक्का वीज खातं. २०२१ च्या दुसऱ्या अभ्यासानुसार एक किलो सुक्या फुलामागे तिथे २,२८३ ते ५,१८४ किलो कार्बन डायऑक्साइडइतकं प्रदूषण होतं. आमच्या भागात वर्षानुवर्षं शेतीची वीज पाळीने आली. एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. बापूकाकांनी अर्धं आयुष्य रात्री बॅटरी घेऊन ओलीत केलंय, सापाच्या भीतीने काठी आपटत. त्यांना बारा तास उजेड आणि बारा तास अंधार वेळापत्रकाप्रमाणे सांभाळायला सांगणं म्हणजे थट्टा आहे. आमच्याकडे अंधाराचं वेळापत्रक वीज कंपनी ठरवायची.

तुम्ही म्हणाल, अहो, उघड्यावर लावा की! लावा. पण मग त्याला विचारणार कोण? डबीत घालून विकला जाणारा माल हवा असतो तो तंबूतला, डागविरहित, बीविरहित. उघड्यावरचा माल म्हणजे आमचा 'फरदड'चा कापूस. भाव पाडून मागायचा.

तिसरी गोष्ट घरची आहे. साल २००३. आमच्या वडिलांनी सफेद मुसळी लावली होती. तेव्हा मुसळीचंही हेच बोलणं होतं. एकरी लाखो. एका कंपनीचा माणूस मोटारसायकलवर आला, चकचकीत पुस्तिका दाखवली, कंद दिले चढ्या भावाने आणि लेखी दिलं की माल आम्हीच उचलू. वडिलांनी अर्ध्या एकरात गादीवाफे केले. आईने एकेक कंद हाताने लावला. पीक चांगलं आलं, हे मुद्दाम सांगतो. पीक कधीच दगा देत नाही असं नाही, पण त्या वर्षी दिला नव्हता. माल काढायच्या वेळी कंपनीच्या कार्यालयाला कुलूप होतं. सोललेली, वाळवलेली मुसळी पुढे दोन वर्षं माळ्यावर पोत्यात पडून होती. आई पाहुण्यांना दुधातून द्यायची. नंतर रतनजोत आली, डिझेल पिकणार होतं. नंतर इमू आले. माझ्या ओळखीच्या एकाने इमूला शेवटी रानात सोडून दिलं. प्रत्येक वेळी सांगणारा शहाणा होता आणि कापूस लावणारा वेडा. आता पाळी गांजाची.

२०२१ च्या ऑगस्टमध्ये सोलापूर जिल्ह्यातल्या मोहोळ तालुक्यातल्या एका शेतकऱ्याने जिल्हाधिकाऱ्यांना पत्र लिहून दोन एकरांत गांजा लावायची परवानगी मागितली होती. लोक हसले, पोलिसांनी प्रसिद्धीचा प्रकार म्हणून सोडून दिलं. पण ते पत्र नीट वाचलं तर त्यात तक्रार होती ती कुठल्याच पिकाला भाव नसल्याची. त्या माणसाला गांजा नको होता हो. त्याला लावलेल्या पिकाचा खर्च निघायला हवा होता. आपण त्यातला 'गांजा' हा शब्द तेवढा उचलला.

आता मूळ मुद्दा. फुलोरा.

आमच्या जिल्ह्यात फुलोरा काय असतो? ऑगस्ट-सप्टेंबरात कपाशीला पाते लागतात, फुलं येतात. पावसाने दडी मारली की पातेगळ. जास्त झाला की बोंडं सडतात. मग गुलाबी बोंडअळी. फुलाच्या पाकळ्या गुलाबाच्या कळीसारख्या मिटलेल्या दिसल्या की समजायचं आत अळी आहे. तूरही त्या टोरांटोच्या झाडासारखीच, दिवस लहान झाले की फुलणारी. दसरा-दिवाळीनंतर शेत पिवळंधमक होतं. आणि मग एखाद्या पहाटे धुवारी येते, सकाळी तुरीखाली पिवळा सडा. पोराकडे दमट हवेवर पंखा आहे. आमच्याकडे बांधावर काडीकचरा पेटवून धूर करायचा, आणि देवाचं नाव घ्यायचं.

२०१७ साली याच फुलोऱ्याच्या आणि बोंडाच्या दिवसांत, पावसाळ्याच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंत, यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या वर माणसं गेली. शेकडो माणसं दवाखान्यात. कपाशी त्या वर्षी डोक्याएवढी वाढली होती, दाट. त्यात शिरून वरच्या अंगाने फवारा मारायचा म्हणजे औषध अंगावर आणि नाकातोंडात. उन्हात कोण अंगभर कपडे घालणार? मुखवटा कोण देणार? मेले त्यात कितीतरी रोजाने फवारणी करणारे मजूर होते. पीक त्यांचं नव्हतंच.

तिकडे एका झाडाचा वास शेजाऱ्याला जाऊ नये म्हणून कोळशाची गाळणी. इकडे माणसाच्या नाकाला फडकं.

मी पोराला दोष देत नाही. तो जे करतोय ते उत्तम शेती आहे. रोजची नोंद, योग्य वेळी पाणी, रोगाची पहिली खूण ओळखणं. पण तेवढी काळजी त्याला परवडते, कारण झाड मेलं तर त्याचं काही जात नाही. पुढच्या महिन्यात दुसरं लावेल. यवतमाळच्या शेतकऱ्याला जे हवंय त्यात नवीन काहीच नाही: दिवसा वीज, वेळेवर कर्ज, खात्रीचं बियाणं, फवारणाऱ्याला मुखवटा, आणि बोंड फुटल्यावर मोडता न घालणारं धोरण. १९ ऑगस्ट २०२५ ला कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क उठवलं, ते वर्षअखेरपर्यंत. आमचा कापूस बाजारात येतो नेमका याच काळात. अशी धोरणं तशीच ठेवून झाड तेवढं बदललं, तर तेच लोक नव्या झाडाखाली मरतील.

असो. फार बोललो.

त्या रात्री कॉल संपल्यावर काका बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "पोट्टा हुशार आहे. झाड बी मस्त ठेवलं त्यानं." थोडं थांबून, "मले फक्त एक सांग. त्याच्या त्या डब्ब्यात आपली तूर बसते का रे?"

मी हसलो. ते हसले नाहीत. सकाळी उठून पाहिलं तर ते वावरात गेलेले होते, धुवारी पडली का ते बघायला.