धूर नाहीं, म्हणून धोका नाहीं?

‘ही सिगारेट नव्हे, नुसती वाफ आहे!’ मुलाच्या खिशांत विजेची सिगारेट सांपडली, कीं वडील माणसांस हें उत्तर ठरलेलें. तें कितपत खरें, याचा विचार करणें आम्हांस अगत्याचें वाटतें.

या नळींत तंबाखू जळत नाहीं. बॅटरीच्या उष्णतेनें एका द्रवाची वाफ होते, आणि त्या द्रवांत बहुधा निकोटीन असतें. जळण्यामुळें होणारीं विषें तींत पुष्कळ कमी, म्हणून जुन्या धूम्रपान्यास ती सिगारेटीहून कमी घातक असेल. परंतु ज्यानें सिगारेटीस कधीं हातच लावला नाहीं, त्या पंधरा वर्षांच्या मुलाचें कमी काय होणार? त्याला नवें व्यसन तेवढें जडतें. आणि त्या वयांत मेंदूची वाढ पुरी झालेली नसते.

मग वाफेमागून सिगारेट येते काय? अमेरिकेच्या राष्ट्रीय अकादमीनें २०१८ सालीं झालेलें संशोधन तपासून सांगितलें कीं, वाफ ओढणारीं मुलें पुढें सिगारेट ओढून पाहण्याचा संभव वाढतो, यास भरीव पुरावा आहे. उलट, २०११ पासून २०१९ पर्यंत तेथील हायस्कुलांत वाफ ओढणारे शेंकडा १.५ वरून २७.५ वर चढले, तरी सिगारेट ओढणारे १५.८ वरून ५.८ वर उतरले. या दोन गोष्टींचा मेळ कसा घालावा? जो मुलगा मित्रांच्या नादानें एका वस्तूस हात लावतो, तो दुसरीसही लावण्याचा संभव अधिक; तेव्हां सारा दोष वाफेच्याच माथीं मारतां येत नाहीं. परंतु ती सिगारेटीची पायरी असो वा नसो, स्वतः व्यसन आहे, यांत शंका नाहीं.

आपल्या देशांत २०१९ च्या कायद्यानें या वस्तूची विक्री, आयात व जाहिरात बंद झाली. पण कायद्याचा पहारा घराच्या उंबरठ्यापर्यंत. जेथें वडीलच जेवणानंतर गच्चीवर जाऊन सिगारेट शिलगावतात, तेथें मुलास उपदेश कोणत्या तोंडानें करावा? ‘मला ही संवय लागली, ती अजून सुटत नाहीं,’ एवढें वडिलांनीं मोकळेपणीं कबूल केलें, तर दहा व्याख्यानांचें काम होईल. आणि मुलालाही आपलें लपविलेलें बोलावयास धीर येईल, असें आम्हांस वाटतें.