विश्लेषण : गाडीचे ‘माहेर’ कोणते? डिअरबॉर्नची शंभर वर्षांची प्रयोगशाळा, कुर्ल्याचा कारखाना आणि पिंपरीचे संशोधन केंद्र…

अमेरिकेतील फोर्ड कंपनीने नोव्हेंबर २०२५ मध्ये डिअरबॉर्न शहरात नवे मुख्यालय सुरू केले. १९५६ पासूनचे काचेचे बारा मजली जुने मुख्यालय आता पाडले जाणार आहे. नवी इमारत उभी राहिली ती जिथे कंपनीचे अभियंते आणि आरेखक वर्षानुवर्षे काम करत होते त्या जागी. म्हणजे साहेबांचे कार्यालयच अभियंत्यांच्या दारी आले. त्याच महिन्यात टाटा मोटर्सने ‘सिएरा’ हे १९९१ मधील नाव नव्या गाडीसह पुन्हा बाजारात आणले. या दोन बातम्यांचा धागा एकच आहे. गाडी जुळते कुठे यापेक्षा ती सुचते, आखली जाते आणि तपासली जाते कुठे, यावर कंपनीचे आणि त्या गावाचे भवितव्य ठरते. महाराष्ट्राच्या वाहन उद्योगाचा इतिहासही हेच सांगतो.

फोर्डची प्रयोगशाळा कधी उभी राहिली?

फोर्डचे नाव जगभर पोहोचवणारी ‘मॉडेल टी’ कोणत्याही प्रयोगशाळेत तयार झाली नव्हती. डेट्रॉइटमधील पिकेट अव्हेन्यूवर १९०४ मध्ये बांधलेला विटांचा तीन मजली कारखाना होता. त्याच्या तिसऱ्या मजल्यावरील एका बंद खोलीत हेन्री फोर्ड आणि मोजक्या सहकाऱ्यांनी या गाडीचा आराखडा केला. १९०८ मध्ये पहिली गाडी बाहेर पडली. १९१३ मध्ये हायलँड पार्कच्या कारखान्यात सरकती जुळणी साखळी सुरू झाली आणि उत्पादन प्रचंड वाढले. नव्या गाडीचा विचार करायला मात्र स्वतंत्र जागा नव्हती.

ती जागा मिळाली १९२०च्या दशकाच्या मध्यास. डिअरबॉर्नमधील ओकवूड बुलेव्हार्ड या रस्त्यावर ‘फोर्ड इंजिनीअरिंग लॅबोरेटरी’ उभी राहिली. वास्तुविशारद होते अल्बर्ट कान. हायलँड पार्क आणि रूज या फोर्डच्या मोठ्या कारखान्यांचे आरेखनही त्यांचेच. कारखान्याला भरपूर उजेड हवा, मध्ये खांबांची गर्दी नको, हा कान यांचा आग्रह असे.

त्या इमारतीत काय घडले?

या इमारतीची खरी कसोटी १९२७ मध्ये लागली. सुमारे दीड कोटी ‘मॉडेल टी’ विकल्यानंतर ग्राहक तिला कंटाळले होते. स्पर्धक शेवरोले पुढे निघून गेली होती. मे महिन्यात फोर्ड यांनी ‘मॉडेल टी’ बंद केली, पण तिची जागा घेणारी गाडी तयार नव्हती. कारखाने काही महिने थांबले, हजारो कामगार घरी बसले आणि अभियंत्यांनी घाईघाईने ‘मॉडेल ए’ पूर्ण केली. ती डिसेंबरमध्ये लोकांसमोर आली. एकाच वाणावर वर्षानुवर्षे विसंबणाऱ्या शेतकऱ्याची जी गत होते, तीच जगातील सर्वात मोठ्या वाहन कंपनीची झाली होती.

प्रयोगशाळेचे सारेच वैभवशाली होते असे नाही. फोर्ड यांच्या रेडिओ केंद्राचे आणि ‘डिअरबॉर्न इंडिपेन्डन्ट’ या साप्ताहिकाचे कामही काही काळ येथून चाले. हे साप्ताहिक ज्यूद्वेषी लिखाणासाठी कुप्रसिद्ध होते. ते १९२७ अखेर बंद पडले. जुन्या पद्धतीच्या नृत्याची फोर्ड यांना आवड असल्याने याच इमारतीत नाचाचे कार्यक्रमही होत. मालकाच्या लहरीवर चालणाऱ्या प्रयोगशाळेची मर्यादाही तिथेच दिसते. १९३२ मध्ये आलेले प्रसिद्ध व्ही-८ इंजिन फोर्ड यांनी गुप्ततेसाठी मुख्य प्रयोगशाळेत नव्हे, तर ग्रीनफिल्ड व्हिलेज या त्यांच्या संग्रहालयात आणून बसवलेल्या एडिसन यांच्या जुन्या प्रयोगशाळेत आखून घेतले.

मुंबईत गाड्या कधीपासून जुळतात?

जवळजवळ शंभर वर्षांपासून. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये मुंबईतील शिवडी येथे शेवरोले गाड्यांची जुळणी सुरू केली. फोर्डनेही त्याच काळात मुंबई, कोलकाता आणि चेन्नई येथे हात घातला होता. सुटे भाग पेट्यांतून यायचे आणि येथे जोडले जायचे. स्वातंत्र्यानंतर केंद्र सरकारने ठरवले की, भाग देशात बनवण्याची तयारी नसेल तर नुसती जुळणी चालणार नाही. १९५०च्या दशकाच्या मध्यापर्यंत दोन्ही कंपन्यांनी गाशा गुंडाळला.

देशी कारखान्याचे स्वप्न पाहिले ते सोलापूरचे उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी. फोर्डशी त्यांची बोलणी फिसकटली, क्रायस्लरशी जमली. १९४४ मध्ये ‘प्रीमियर ऑटोमोबाइल्स’ स्थापन झाली आणि १९४७ मध्ये कुर्ल्यातून गाड्या बाहेर पडू लागल्या. वालचंद १९५३ मध्ये गेले. पुढच्याच वर्षी फियाटची ११०० ही गाडी कुर्ल्यात बनू लागली.

‘प्रीमियर’चे काय चुकले?

फियाट ११०० ची पुढे ‘प्रीमियर प्रेसिडेंट’ झाली आणि १९७४ मध्ये ‘प्रीमियर पद्मिनी’. नावे बदलली, गाडी मूळ तीच राहिली. कारखान्याने सुटे भाग देशातच बनवण्यात मोठी मजल मारली, हे खरे. नवी गाडी मात्र घरात तयार झाली नाही. १९८५ मध्ये आलेल्या ‘११८ एनई’चा सांगाडा फियाटचा आणि इंजिन निसानचे होते.

सगळा दोष कंपनीच्या माथी मारता येत नाही. परवाना पद्धतीत किती गाड्या बनवायच्या हे सरकार ठरवे आणि परकीय चलन मुश्किलीने मिळे. नोंदणी केलेला ग्राहक वर्षानुवर्षे थांबायला तयार होता, मग नवी गाडी करायची कशाला? १९८३ मध्ये मारुती ८०० आली आणि ही सवय महागात पडली. २००० च्या सुमारास पद्मिनीचे उत्पादन थांबले. मुंबईच्या रस्त्यांवरून शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त झाली, तेव्हा लोकांनी हळहळ व्यक्त केली. कुर्ल्याच्या कारखान्याच्या जागेवर तोवर ‘कोहिनूर सिटी’ हे निवासी आणि व्यापारी संकुल उभे राहिले होते.

पुण्यात १९६६ मध्ये काय घडले?

टेल्को, म्हणजे आजची टाटा मोटर्स, १९४५ मध्ये जमशेदपूरला रेल्वे इंजिने बनवण्यासाठी स्थापन झाली. १९५४ मध्ये तिने जर्मनीच्या डेमलर-बेन्झशी ट्रकसाठी पंधरा वर्षांचा करार केला. हा करार १९६९ मध्ये संपणार होता. पुण्यात कंपनीचे संशोधन केंद्र सुरू झाले १९६६ मध्ये, म्हणजे करार संपण्याच्या तीन वर्षे आधी. परकी शिक्षक जाण्यापूर्वी घरचा शिक्षक तयार ठेवण्याची ही तजवीज होती.

यामागे होते मुंबईत जन्मलेले अभियंता सुमंत मुळगावकर. पिंपरी-चिंचवडच्या माळरानावर कारखाना उभारताना त्यांनी साचे आणि यंत्रे घरातच बनवण्याचा, कारागीर घडवण्याचा आग्रह धरला. झाडे लावली, तळे केले. त्यांच्या नाव-आडनावाच्या पहिल्या अक्षरांवरूनच ‘सुमो’ हे गाडीचे नाव आले.

त्याच १९६६ मध्ये वाहन उद्योग आणि केंद्र सरकार यांच्या सहभागातून पुण्यात ‘ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया’ ही संस्था स्थापन झाली. गाडीच्या जाहिरातीत मायलेजच्या आकड्याशेजारी ‘एआरएआय’ असे बारीक अक्षरात लिहिलेले असते, ती हीच. वेताळ टेकडीवरील तिच्या आवारामुळे पुणेकर त्या भागाला ‘एआरएआय टेकडी’ म्हणतात.

संशोधन केंद्राने काय दिले?

१९८०च्या दशकात हलक्या ट्रकसाठी टोयोटा, मित्सुबिशी, माझदा आणि निसान या चार जपानी कंपन्या भारतीय भागीदारांसह उतरल्या. टेल्कोने परकी मदत न घेता १९८६ मध्ये ‘४०७’ आणली. भारतीय रस्ते आणि क्षमतेपेक्षा जास्त माल भरण्याची येथील रीत ओळखून केलेली ही गाडी आजही अमरावती-अकोल्याच्या बाजार समित्यांत दिसते. पुढे सिएरा (१९९१), सुमो (१९९४) आणि इंडिका (१९९८) आल्या. इंडिकाचे बाह्यरूप इटलीतील संस्थेच्या मदतीने ठरले आणि काही यंत्रे निसानच्या ऑस्ट्रेलियातील बंद कारखान्यातून उचलून आणली गेली. सुरुवातीच्या इंडिकाबद्दल तक्रारी खूप आल्या. पण गाडी घरची असल्याने दुरुस्तीही घरीच झाली आणि २००१ मध्ये सुधारित ‘व्ही २’ आली.

२००८ मध्ये याच टाटा मोटर्सने जग्वार आणि लँड रोव्हर हे ब्रँड सुमारे २३० कोटी डॉलरला विकत घेतले. विकणारी कंपनी होती फोर्ड.

कारखाना जातो, प्रयोगशाळा राहते?

‘नॅनो’चे उदाहरण बोलके आहे. ऑक्टोबर २००८ मध्ये पश्चिम बंगालमधील सिंगूरचा कारखाना आंदोलनामुळे सोडावा लागला आणि तो गुजरातमधील साणंदला गेला. गाडी आखणारा चमू मात्र पुण्यातच होता. कारखाना एका राज्यातून दुसऱ्या राज्यात हलला, ज्ञान हलले नाही. बजाज ऑटोने २००७ मध्ये आकुर्डीतील उत्पादन थांबवले, संशोधन विभाग तेथेच ठेवला.

उलटेही घडते. महिंद्रची ‘स्कॉर्पिओ’ नाशिकच्या अभियंत्यांनी घडवली आणि ती २००२ मध्ये आली. पुढे कंपनीने चेन्नईजवळ ‘महिंद्र रिसर्च व्हॅली’ उभारली व संशोधनाचा मुख्य भार तिकडे गेला. नाशिकला कारखाना उरला, नव्या गाडीची पहिली रेघ मात्र आता दुसरीकडे ओढली जाते.

प्रयोगशाळा म्हणजे यशाची हमी नव्हे. नॅनो पुण्यात घडली तरी ग्राहकांनी ती स्वीकारली नाही आणि २०१८ मध्ये उत्पादन थांबले. मारुतीने जपानच्या सुझुकीचे आराखडे घेऊनच देशाची बाजारपेठ जिंकली. त्यासाठी सुझुकीला स्वामित्वशुल्क मात्र द्यावे लागते. दुसऱ्याच्या विचारावर धंदा चालतो, पण भाडे सुटत नाही.

या इमारतींचे आज काय?

डेट्रॉइटमधील पिकेट अव्हेन्यूचा कारखाना संग्रहालय झाला आहे आणि २००६ पासून तो अमेरिकेचा राष्ट्रीय ऐतिहासिक वारसा आहे. डिअरबॉर्नची प्रयोगशाळाही उभी आहे. आपल्याकडे शिवडीची जुळणी आणि कुर्ल्याची गाडी छायाचित्रांत उरली. टॅक्सीची आठवण आपण जपतो, ती जिथे घडली त्या जागेची विचारपूस करत नाही. गिरण्यांच्या चिमण्यांचे जे झाले तेच वाहन कारखान्यांचे झाले.

वऱ्हाडाने यातून काय घ्यावे?

तिवसा तालुक्यातील कौंडण्यपूर हे रुक्मिणीचे माहेर. लेक द्वारकेची राणी झाली तरी माहेर म्हणून नाव कौंडण्यपूरचेच घेतात. गाडीचेही तसेच. ती साणंदला जुळो की पंतनगरला, तिचे माहेर ती आखली गेली तेच.

वऱ्हाडाला हा फरक कापसाने शिकवला आहे. जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने येथे दीडशे वर्षांपासून आहेत. सरकी काढायची, गाठ बांधायची आणि पुढे पाठवायची. कापसाच्या धंद्यातली ही जुळणीच. वाणाचा विचार करण्यासाठी अकोल्यात कृषी विद्यापीठ आले ते १९६९ मध्ये. २००२ नंतर बीटी बियाण्याने शिवार व्यापले, तेव्हा त्या वाणातील जनुक-तंत्रज्ञानाची मालकी परदेशी कंपनीकडे होती आणि बियाण्याच्या प्रत्येक पाकिटामागे शेतकरी त्याचे मोल मोजत होता. प्रयोगशाळा कोणाची, हा प्रश्न थेट खिशाशी भिडतो तो असा.

अमरावतीचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय १९६४ चे, म्हणजे पुण्याच्या दोन्ही संशोधन संस्थांपेक्षा दोन वर्षांनी थोरले. येथून शिकलेली मुले नोकरीसाठी पुण्याची गाडी धरतात, कारण संशोधनाच्या जागा तिकडे आहेत. नांदगाव पेठच्या औद्योगिक वसाहतीत आता केंद्राच्या योजनेतील वस्त्रोद्योग पार्क उभे राहत आहे. अशा घोषणांत एकर, कोटी आणि रोजगाराचे आकडे असतात. त्यांच्या जोडीला आणखी एक प्रश्न लोकप्रतिनिधींना विचारायला हवा. धाग्याची, कापडाची, रंगाची चाचणी करणारी आणि नवा माल आखणारी प्रयोगशाळा येथे असेल की दुसऱ्या शहरात? अनुदानाची मुदत संपली की यंत्रे ट्रकवर चढवून नेता येतात. वीस वर्षे एका जागी शिकत, चुकत आणि सुधारत आलेली माणसे तशी उचलून नेता येत नाहीत. विद्यार्थी, शेतकरी आणि उद्योजक यांच्या जवळ अशी जागा हवी असेल, तर ती मागण्याची वेळ भूमिपूजनानंतरची नाही, पार्कचा आराखडा मंजूर होतानाची आहे.